लॉबीतली कोळीण

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही बऱ्यापैकी हॉटेलात शिरा, काउंटरमागच्या भिंतीवर ती असतेच. चापूनचोपून नेसलेलं लुगडं, अंबाड्यात अबोलीचा वळेसर, कमरेवर टोपली, मान जराशी वळलेली. टोपलीतली मासळी चंदेरी आणि सगळी एकाच साच्यातली. बांगडा म्हणावा तर पाठीवर पट्टे नाहीत, तारली म्हणावी तर आकार दुप्पट. मागे माड, माडांमागे निळंशार पाणी. बाईच्या हाताला खवलं चिकटलेलं नाही, पायाला चिखल नाही. आणि हेच चित्र मालवणात टांगलेलं असलं तर त्यात आणखी एक गंमत असते. ही बाई मालवणची नव्हेच. हे नेसणं मुंबई-रायगडकडच्या कोळणींचं. सिंधुदुर्गात दर्यावर जाणारा समाज मुख्यत्वे गाबितांचा, रत्नागिरीकडे खारवी आणि दालदी मुसलमान. मालवणच्या बाजारात मासे विकणारी बाई साधी पाचवारी नेसते, नाहीतर मॅक्सीवर टॉवेल टाकून बसते. पुढ्यात प्लास्टिकचा क्रेट, बाजूला थर्माकोलच्या खोक्यात बर्फ आणि मांडीखाली पैशांची पिशवी. कॅलेंडरवरची अशीच एक कोळीण बघून तिथली एक बाई फस्सकन हसली होती. "ह्यां खंयचां लुगडां? आमच्यात असां कोण नेसता?"

चित्र खोटं आहे एवढीच तक्रार असती तर लेख लिहायचं कारण नव्हतं. चित्रकार काही जनगणनेचा कारकून नव्हे. प्रश्न असा आहे की, बाहेरच्या माणसाला कोकण म्हणून जे दिसतं त्यात कोण असतं, कोण नसतं, हे ठरवतं कोण, आणि ज्याचं चित्र काढलं त्याचा त्या चित्रावर काही हक्क उरतो की नाही. जगभरच्या कलाक्षेत्रात यावरून बरंच रान पेटलं आहे. आपल्याकडे विषय निघाला की दोनच सूर लागतात. एक, 'कलावंताला कसलं बंधन?' दुसरा, 'आमच्याबद्दल आमच्याशिवाय कुणी काही काढायचं नाही.' मला दोन्ही पटत नाहीत. कुणाचंही चित्र कुणीही काढावं. पण काढून झाल्यावर ते घेऊन त्या माणसापुढे उभं राहायची तयारी हवी. तो 'नको' म्हणाला तर ऐकून घ्यायची, आणि पैसे आले तर त्याचा वाटा द्यायचीही.

ही लॉबीतली कोळीण आली कुठून, ते आधी पाहू. १८६०च्या दशकात विल्यम जॉन्सन या इंग्रज छायाचित्रकारानं मुंबईतल्या जातीजमातींचे फोटो काढून त्यांचे संग्रह छापले. माणसांचे फोटो वेगळे काढायचे आणि मागचं दृश्य दुसऱ्या फोटोतलं आणून जोडायचं, अशी त्याची पद्धत. पुढे १८६८ ते १८७५ या काळात सरकारी आशीर्वादानं 'द पीपल ऑफ इंडिया'चे आठ खंड निघाले. या सगळ्यात माणूस म्हणजे नमुना. त्याला बहुतेक वेळा नाव नसतं. जात असते, पेहराव असतो आणि 'स्वभाव' असतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चित्रकार म. वि. धुरंधरांची मुंबईच्या माणसांची पोस्टकार्डं आली. धुरंधरांची रेषा प्रेमळ, नजर तर फारच तयार. पण चौकट तीच, की ही अमुक जातीची बाई आणि ती अशी दिसते.

मग चित्रकर्ती बी. प्रभा. जन्म १९३३चा, नागपूरजवळच्या बेला गावचा, म्हणजे समुद्रापासून पार दूर. त्यांच्या उंच, निमुळत्या, एकाच रंगात बुडालेल्या मासेवाल्या बायका हे आधुनिक भारतीय चित्रकलेतलं ठळक दृश्य आहे. एअर इंडियानं १९५६ साली त्यांची चित्रं विकत घेतली; कंपनीच्या पुढे प्रसिद्ध झालेल्या चित्रसंग्रहाची ती सुरुवात. विदर्भातल्या बाईनं कोळणी का काढाव्यात, असा प्रश्न मी विचारणार नाही. प्रभांच्या बायका थकलेल्या आहेत. टोपली रिकामी असो की भरलेली, त्यांच्या मानेत दिवसभराचं ओझं दिसतं. लॉबीतली कोळीण कधी थकत नाही. प्रभांकडून तिनं उंची घेतली, पोस्टकार्डांकडून पेहराव घेतला आणि थकवा मात्र वाटेत टाकून दिला, कारण सुट्टीवर आलेल्या गिऱ्हाइकाला तो बघायचा नसतो.

बाहेरच्या माणसाच्या हक्काचा वाद २०१७ साली अमेरिकेत चांगलाच रंगला. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात डाना शुट्झ या गोऱ्या चित्रकर्तीनं एमेट टिलचं चित्र लावलं. हा चौदा वर्षांचा काळा मुलगा १९५५ साली मिसिसिपीत गोऱ्यांनी हाल करून मारला होता, आणि त्याच्या आईनं शवपेटी मुद्दाम उघडी ठेवून जगाला त्याचा चेहरा बघायला लावला होता. पार्कर ब्राइट हा काळा कलावंत त्या चित्रासमोर, बघणाऱ्यांच्या वाटेत उभा राहिला. हॅना ब्लॅक या लेखिकेनं उघड पत्र लिहून चित्र नष्टच करा अशी मागणी केली. चित्र भिंतीवरच राहिलं. ते आपण विकणार नाही, असं शुट्झनं सांगितलं. त्याच वर्षी मिनियापोलिसच्या वॉकर कला केंद्राच्या बागेत सॅम ड्युरंट या शिल्पकाराची फाशीच्या तख्तांवरून घडवलेली लाकडी रचना उभी राहिली. त्यातलं एक तख्त १८६२ साली ज्यावर ३८ डकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी दिलं गेलं, त्याचं होतं. डकोटा लोकांना आधी कुणी विचारलंच नव्हतं. ते कुंपणाशी जमले, बोलणी झाली, ड्युरंटनं रचनेचे हक्क डकोटांच्या हवाली केले आणि ती उतरवली गेली.

चित्र नष्ट करा ही मागणी मला मान्य नाही. आईनं जे जगाला दाखवलं ते बघायचा आणि बघून अस्वस्थ व्हायचा हक्क कातडीच्या रंगावर ठरवता येत नाही. पण ड्युरंटची गोष्ट 'कलावंत झुकला' म्हणून सांगितली जाते ते मला चुकीचं वाटतं. ज्यांच्या आजे-पणज्यांची फाशी त्यानं लाकडात उभी केली होती, ते समोर आले तेव्हा तो ऐकायला बसला. खरं म्हणजे हे पहिली फळी ठोकण्याआधी व्हायला हवं होतं.

आता हाच निकष घेऊन कोकणात येऊ. इथे 'आतला' आणि 'बाहेरचा' ही विभागणी पहिल्याच वळणावर कोलमडते. सावर्ड्याचं सह्याद्री कला महाविद्यालय, देवरुखचं डी-कॅड अशा संस्थांमुळे आता कोकणातली मुलं कोकणातच कला शिकतात. फार चांगली गोष्ट आहे. त्यांची जलरंगातली तयारी बघून हेवा वाटतो. पण प्रदर्शनात चित्रं कुठली? कौलारू घर, तुळशीवृंदावन, लाल पाखाडी, खाडीतली होडी, देवळाची दीपमाळ. काढणारा मुलगा स्वतः स्लॅबच्या घरात वाढलेला. त्याच्या वाडीतली निम्मी घरं मुंबईला गेलेल्या भावकीच्या कुलपात, पावसाळ्यात पडवीला निळं प्लास्टिक बांधलेलं, महामार्गाच्या रुंदीकरणात कुणाची बाग गेलेली. यातलं काही कागदावर येत नाही, कारण गिऱ्हाईक मुंबईला आहे आणि त्याला दिवाणखान्यात लावायला आजोळ हवंय. मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. पोट सगळ्यांनाच आहे. पण आतला माणूस काढतो म्हणून चित्र आपोआप खरं होत नाही, हेही यातून दिसतं. तो बाहेरच्याच्या डोळ्यांनी स्वतःचं घर बघायला शिकलेला असतो.

आणि मग ज्यांचं चित्र कुणीच काढत नाही त्यांचं काय? हापूसचा हंगाम घ्या. आंब्याच्या चित्रांना तोटा नाही: पेटी, पेंढा, आजीच्या हातातली फोड. रत्नागिरी-देवगडच्या बागा राखणारी, झाडावर चढणारी, पेट्या भरणारी माणसं मोठ्या संख्येनं नेपाळी आहेत, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बागेतल्या खोपीत बायकापोरांसकट राहतात. मासेमारीच्या ट्रॉलरवर खलाशीही तेच. कोकणाचा एवढा मोठा व्यवहार ज्यांच्या अंगावर उभा आहे त्यांचं एकही चित्र माझ्या पाहण्यात नाही. ते कोकणाच्या व्याख्येत बसत नाहीत ना!

जमिनीचंही तेच. आमचा सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचा जांभ्याचा विस्तीर्ण कातळ. आठ महिने करडा, काळपट, उन्हात भाजून निघालेला. चित्रकार तिकडे फिरकत नाही. हिरवं-निळं काहीच नाही तिथे. गंमत अशी की कोकणातली सगळ्यात जुनी चित्रं याच कातळावर आहेत. उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसमाळ अशा नऊ ठिकाणची कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. कशेळीचा भलाथोरला हत्ती, बारसूचा दोन हातांनी दोन वाघ रोखून धरलेला माणूस. कुणीतरी हजारो वर्षांपूर्वी इथे गुडघे टेकून कातळ खोदत बसलं होतं. पुढच्याच वर्षी, २०२३च्या एप्रिलात, रिफायनरीसाठी माती तपासायला यंत्रं आली तेव्हा बारसूच्या त्याच सड्यावर गावकरी आडवे झाले, पोलीस आले, धरपकड झाली. प्रकल्पाच्या बाजूचे लोक म्हणत होते, नुसता कातळ तर आहे, पडीक. पडीक? पावसाळ्यात त्या कातळाच्या खळग्यांत भात लावतात, गुरं चरतात, भाद्रपदात फुलांचा गालिचा पसरतो, आणि त्याच कातळातून मुरलेलं पाणी खालच्या वाड्यांच्या विहिरींना येतं. रिफायनरी हवी की नको, हा वेगळा वाद. त्यावर गावातही दोन मतं आहेत. मुद्दा एवढाच की दीडशे वर्षांच्या चित्रांत, पर्यटनाच्या पत्रकांत, सिनेमाच्या पडद्यावर जी जमीन कधी आलीच नाही ती सरकारी कागदावर रिकामी दाखवणं सोपं जातं. चित्राबाहेर राहण्याची किंमत असते आणि ती सातबाऱ्यावर चुकवावी लागते.

वारली चित्रांची गोष्ट इथे जरा सविस्तर सांगायला हवी, कारण आपल्या प्रश्नाचे सगळे पदर तिच्यात आहेत. डहाणू-तलासरीकडे लग्नघरात भिंत शेणानं सारवायची, वर गेरू द्यायचा, आणि तांदळाच्या पिठात बांबूची काडी बुडवून चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहायचा. चौकात पालघाट देवी. लिहायचा तो सवाशिणींनी. लग्न लावणाऱ्या धवलेरीनं गाणी म्हणायची. चौकाशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे हे काम बायकांचं, भिंतीवरचं, एका लग्नापुरतं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हे चित्रकार सरकारी हस्तकला विभागाच्या वतीनं तिकडे गेले, त्यांनी कागद आणि रंग वाटले. त्यातून गंजाडचे जिव्या सोमा मशे पुढे आले. हा पुरुष लग्नाची वाट न बघता, मनाला येईल तेव्हा चित्र काढत होता, आणि काय काढत होता! मुंग्यांची रांग, मासेमारीचं जाळं, तारपा या वाद्याभोवतीचा नाच. १९८९ साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात, २००३ साली जर्मनीत रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलावंतासोबत, २०११ साली पद्मश्री. २०१८ साली ते गेले.

आता यात बाहेरच्यानं आतल्याला लुटलं असं म्हणाल? कुलकर्णी गेले नसते तर मशे जगाला दिसले नसते. मशे नसते तर आज डहाणूत ब्रशवर घर चालवणारी पोरं दिसली नसती. पण ज्या बायका पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहीत आल्या त्या या गोष्टीत पहिल्या वाक्यात येतात आणि नंतर गायब होतात. कागद आला, पैसा आला, सही आली, तशी कला पुरुषांकडे सरकली. म्हणजे चित्रणाचं राजकारण फक्त शहर आणि पाड्यामध्ये नसतं, एकाच झोपडीच्या आतही असतं. नंतरचा प्रवास आपल्या सगळ्यांच्या घरात आहे: मग, पडदे, बेडशीट, कुर्ते, मोबाइलची कव्हरं, लग्नपत्रिका. त्रिकोणाला त्रिकोण जोडला की झाला वारली. भौगोलिक मानांकन मिळालं, पण बेडशीट छापणाऱ्या कारखान्यातून पाड्यावर रुपया कोण आणून देणार? आणि ज्या डहाणूच्या समुद्रावर मच्छीमार आणि आदिवासी वाढवण बंदराला वर्षानुवर्षं विरोध करत आले, तिथे २०२४ साली बंदराची पायाभरणी झाली. उद्या त्या बंदराच्या स्वागतकक्षात वारली चित्र लागलं तर मला नवल वाटणार नाही. चित्रातला माणूस भिंतीवर चालतो. वाटाघाटीच्या टेबलाशी त्याला खुर्ची द्यायची म्हटलं की अडचण होते.

याचंच धाकटं भावंड म्हणजे सरकारी सुशोभीकरण. सिंधुदुर्गातल्या शाळेची भिंत रंगवायची असली तरी वारलीच. डहाणू तिथून पाच-सहाशे किलोमीटर. आणि कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आहे, हे भिंत रंगवणाऱ्या कंत्राटदाराच्या गावीही नसतं. दोन कागद पाठीला पाठ चिकटवून एक पान करायचं, दोन्ही बाजूंना चित्र. मोठ्या डोळ्यांची माणसं बाजूनं रंगवलेली. कथेकरी गात गात एकेक पान पुढे धरणार. अशा पोथ्या एकेकाळी बाहेरच्या संग्राहकांकडे गेल्या; याच घराण्यातली चित्रं संग्रहालयांत 'पैठण शैली' म्हणून प्रसिद्ध झाली आणि पिंगुळीचं नाव कितीतरी उशिरा आलं. परशुराम गंगावणे यांनी घरच्या गुरांच्या गोठ्यात संग्रहालय उभारलं, तिथे पोथ्या, कळसूत्री बाहुल्या, वाद्यं मांडली. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपली कला आपल्या अंगणात, आपल्याच तोंडून सांगायची सोय त्या घरानं स्वतः केली. जिल्ह्यातल्या शाळांच्या भिंतींना मात्र अजून पिंगुळीचा पत्ता सापडलेला नाही.

इथे कुणी म्हणेल, ठीक आहे, मग गावाला विचारूनच काढा. म्हणायला सोपं आहे. गाव म्हणजे कोण? दक्षिण कोकणात गावऱ्हाटी आहे. देवाच्या पालखीला पहिला खांदा कुणाचा, गाऱ्हाणं कोण घालणार, प्रसादाचा मान कोणाला, सगळं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. चित्रकार गावाची परवानगी मागायला गेला तर तो ज्या पडवीत चहा घेईल तिथे दलित वाडीतला माणूस बसलेला नसेल. 'निसर्गरम्य कोकण' याच पडवीतून बघितलेलं आहे. महाडचं चवदार तळंही कोकणातच आहे. २० मार्च १९२७ला बाबासाहेबांनी त्याचं पाणी ओंजळीत घेतलं, २५ डिसेंबरला त्याच गावात मनुस्मृती जाळली. कोकणाच्या किती कॅलेंडरांवर हे तळं आहे? गावाची संमती ही पुष्कळदा गावातल्या वरच्या आळीची संमती असते, आणि ती घेऊन काढलेलं चित्र वरच्या आळीचंच निघतं.

दुसरा धोका याहून मोठा. 'ज्याचं चित्र त्याला नको म्हणायचा हक्क' असं मी म्हटलं, की लगेच कुणीतरी झेंडे घेऊन उभं राहील: आमच्या भावना दुखावल्या, बंद करा प्रदर्शन. पंढरपुरात जन्मलेल्या चित्रकार एम. एफ. हुसेनना २००६ साली देश सोडावा लागला आणि २०११ साली ते लंडनमध्ये वारले, हे विसरून या विषयावर बोलताच येत नाही. पण या दोन गोष्टींतला फरक दिसायला फार अवघड नाही. हुसेनच्या चित्रात त्या जमावातलं कुणी नव्हतं. जमाव देवाच्या वतीनं बोलत होता, आणि देवानं त्यांना वकीलपत्र दिल्याचं ऐकिवात नाही. मी ज्या हक्काबद्दल बोलतोय तो प्रत्यक्ष माणसाचा आहे, जिचा चेहरा, घर, मरण किंवा मजुरी चित्राचा माल झाली आहे तिचा. शिवाय बघायचं ते वजन कुणाच्या बाजूनं आहे. ज्याच्या एका फोनवर प्रदर्शनाला टाळं लागतं, त्याला चित्रकाराकडून संरक्षणाची गरज नसते. मंत्र्याचं व्यंगचित्र काढायला मंत्र्याची परवानगी लागत नाही. बंगल्यावर भांडी घासणाऱ्या बाईचा फोटो कलादालनात मोठा करून लावायला तिची लागते.

थोरांच्या चित्रणाचं राजकारण आणखी वेगळं. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ला, नौदल दिनी, पंतप्रधानांच्या हस्ते शिवाजी महाराजांच्या ३५ फुटी पुतळ्याचं अनावरण झालं. २६ ऑगस्ट २०२४ला तो कोसळला. पुढे महिनोन्‌महिने चर्चा झाली ती गंज, बोल्ट, वाऱ्याचा वेग, कंत्राट आणि राजीनाम्यांची. ती व्हायलाच हवी होती. २०२५ साली तिथे नवा, आणखी उंच पुतळा उभा राहिला. आणि समोरच पाण्यात, सिंधुदुर्ग किल्ल्यावर, १६९५ साली राजाराम महाराजांच्या काळात बांधलेलं शिवराजेश्वराचं देऊळ आहे. आतली मूर्ती बघून पहिल्यांदा आलेला पर्यटक गोंधळतो. दाढी नाही. डोक्याला ओळखीचा जिरेटोप नाही, टोपीसारखं काहीतरी आहे. नावाड्याची टोपी, असं कुणी सांगतं. त्या मूर्तीला उंचीची स्पर्धा माहीत नाही. रोज पूजा होते, तेल लागतं. तीनशेहून अधिक वर्षं ती ज्यांची आहे त्यांच्यात आहे. राजकोटावरच्या पुतळ्याबद्दल मालवणच्या माणसाला त्याचं रूप काय असावं हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. त्याला बोलावलं ते टाळ्यांना. मला विचाराल तर समुद्रावर राज्य उभारणाऱ्या राजाचं जास्त नेमकं चित्रण त्या बुटक्या देवळात आहे. यावर मतभेद होऊ शकतो. पण मतभेद व्हायला आधी कुणी मत विचारावं लागतं.

मग नीट करायचं तर करायचं कसं? नमुने आहेत. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातले पराग तांडेल स्वतः कोळी आणि शिल्पकार. कादंबरी कोळी-तांडेल यांच्यासोबत त्यांनी 'तांडेल फंड ऑफ अर्काइव्ह्‌ज' उभा केला. कोळ्यांच्या वस्तू, आठवणी, खाणं, भाषा यांचं हे संग्रहालय वस्तीतून आलं आणि वस्तीतही जातं. हे झालं आतल्याचं काम. बाहेरच्यांचंही बघा. मुंबईच्या 'कॅम्प' या कलावंतगटानं २०१३ साली एक चित्रपट केला, त्यातली बरीच दृश्यं गलबतांवरच्या खलाशांनीच मोबाइलवर टिपलेली आणि गाणीही त्यांनीच वर चढवलेली. कॅम्पवाले त्यात पाहुण्यासारखे वावरतात. अमर कंवर यांचं ओडिशातल्या जमिनी आणि खाणींवरचं काम २०१२ साली जर्मनीतल्या कॅसल शहरात भरणाऱ्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात गेलं. त्याच वर्षी ते भुवनेश्वरमध्येही लोकांसाठी खुलं झालं. ज्यांच्याबद्दल आहे त्यांना ते बघायला कॅसलपर्यंत जावं लागलं नाही.

पैशाचं मी मुद्दाम वेगळं सांगतो, कारण कलेच्या नीतीवरच्या चर्चेत तो विषय आला की लोक घड्याळाकडे बघू लागतात. आमच्याकडे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढतात तेव्हा जाळं-होडीवाल्याचा वाटा मोठा असतो हे खरं, पण दोरीला हात लावलेला माणूस रिकाम्या हातानं घरी जात नाही. चित्रकलेत मात्र समोर बसलेल्या माणसाला चहा आणि 'थँक्यू मावशी'. दिवसभर बसवलं तर दिवसाची मजुरी, चित्र विकलं गेलं तर ठरलेला हिस्सा, छपाई झाली तर एक प्रत. हे लेखी असावं. कलादालनं आणि कलावंतांना बोलावून गावात ठेवणाऱ्या संस्था जागेचं भाडं, चौकटी, वाहतूक, उद्घाटनाचा अल्पोपाहार असा सगळा हिशेब मांडतात. त्यात ही एक ओळ घालायला काय हरकत आहे? आणि पहिलं प्रदर्शन तिथेच. मुंबईचं जहांगीर कलादालन नंतर. कोकणात जागांना तोटा नाही. मच्छीमार सोसायटीचं गोदाम आहे, शाळेचा हॉल आहे, आठवडा बाजार आहे. देऊळ नको म्हणतो, कारण वर सांगितलं तेच. चित्र तिथे लावल्यावर लोक हसले, रागावले, 'माझं नाक असं न्हय' म्हणाले, तर ती समीक्षा समजावी. मुंबईतल्या पुष्कळ समीक्षेपेक्षा ती नेमकी निघेल.

एवढ्या अटी घातल्या तर कला कोण करेल, असं मला विचारलं जातं. कुळीथ पेरणाऱ्यालाही अटी असतात. पण एका अटीशी मी स्वतः अडतो, तीही सांगून टाकतो. रायगडातल्या वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर कातकरी कुटुंबं राबतात. हंगामाच्या आधी मालकाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत तिथून हलता येत नाही. तिथे कॅमेरा किंवा वही घेऊन गेलेल्या कलावंतानं बाईला विचारलं, "काढू का तुमचं चित्र?", तर ती हो म्हणते. मुकादम चार हातांवर उभा असतो, आणि पाहुण्याला त्यानंच आत सोडलेलं असतं. तिच्या त्या होकाराला मी संमती म्हणायला तयार नाही. तरी तिचं चित्र होऊच नये असंही म्हणवत नाही, कारण मग ती नेपाळी राखणदाराच्या रांगेत जाऊन बसते, जिथे कुणालाच कुणी दिसत नाही. पावसाळ्यात भट्ट्या बंद असतात आणि ही माणसं आपापल्या वाडीवर असतात. कलावंतानं वही घेऊन तेव्हा जावं, मुकादमाला न घेता, आणि काढलेलं सगळं तिच्यापुढे मांडून विचारावं. यातलं अर्धं तिनं बाजूला काढायला लावलं तर ते बाजूला काढावं, आणि उरलेल्याचं प्रदर्शन करताना भट्टीच्या मालकाचं नाव लिहायचं की नाही, हेही तिलाच विचारावं. नाव लिहिलं तर पुढच्या हंगामाची उचल तिची बुडणार आहे, कलावंताची नाही.